बरणी, गाळणी आणि आक्काचं कर्ज

आम्ही कळंबच्या एका बचत गटातल्या बारा जणी. इथं माईकसमोर तिघीच बसलोय, पण बोलतोय ते बाराजणींचं.

आज आम्ही एका बरणीबद्दल बोलणार आहोत. थंड कॉफी करायच्या बरणीबद्दल. हसू नका. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो, आणि नंतर याच बरणीवरून गटात दोन आठवडे अबोला होता.

झालं असं. आमच्या गटातली एक आक्का, तिची एस.टी. स्टँडच्या बाजूला चहाची टपरी आहे. मालक गेल्यापासून तीच चालवते. पावसाळ्यात, हिवाळ्यात टपरी बरी चालते. पण आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच चहाला कुत्रं विचारत नाही. सगळी गर्दी रसवंतीवर. घुंगरं वाजतात तिकडं आणि आक्का इकडं पेटलेल्या शेगडीपाशी घाम पुसत बसते. दोन महिने निम्मा धंदा. त्याच दोन महिन्यांत पोरांच्या शाळेची वह्या-पुस्तकं आणि पेरणी तोंडावर.

तिच्या भाच्याने मोबाईलवर दाखवलं की शहरात आता थंड कॉफी लई चालते. कॉफी उकळायची नाही, जाडसर पूड थंड पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची, झालं. शेगडी नको, गॅस नको. त्यासाठी खास बरण्या मिळतात, काचेच्या, आत स्टीलची गाळणी, खाली तोटी. एक ३,४०० रुपयांना. आक्काने गटाकडे १२,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. तीन बरण्यांचे १०,२०० आणि उरलेल्या पैशांत पूड आणि ग्लास.

बैठकीत दोन तट पडले. आमची मावशी, सगळ्यांत वडीलधारी, ती म्हणाली, "कळंबच्या स्टँडवर कोण पितंय वं कॉफी? चहाला दहा रुपये द्यायला लोक कुरकुर करतात." आक्काला ते लागलं. ती म्हणाली, "माझं दरवेळचं कर्ज वेळेत फिटलं का नाही? मग माझ्याच वेळी प्रश्न का?" दोघींचंही खरं होतं. पंचसूत्रीत अंतर्गत कर्जही आहे आणि परतफेडही आहे. एक देताना दुसरीचा विचार करावाच लागतो. शेवटी सचिवताईने मध्यममार्ग काढला. तोटीची मोठी बरणी नको, आधी एक लिटरची साधी घेऊ, दोन महिने आपल्याच घरांत फिरवू, मग ठरवू. प्रत्येकीने १०५ रुपये काढले, १,२६० झाले. बरणी १,२४९ ला आली. उरलेल्या ११ रुपयांची खडीसाखर वाटून खाल्ली, पण आक्काने ती हातात घेतली आणि तोंडात टाकली नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आता बरणीकडे वळू. ही कॉफी आहे काय, ते आधी थोडं सांगतो. कॉफी आपल्याला अगदी परकी नाही. कर्नाटक आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे, आणि कॉफीचं पीक तिथलंच मोठं. बाबा बुदान नावाच्या सूफी साधूने परदेशातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी तिथली कथा आहे. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. दक्षिणेत घराघरांत स्टीलचं किंवा पितळेचं फिल्टर असतं. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वर पूड दाबून कढत पाणी ओतायचं, खाली थेंब थेंब काढा उतरतो. ही झाली गरम रीत. थंड पाण्यात भिजवायची रीतही काही कालची नाही. अमेरिकेत टॉड सिम्पसन नावाच्या माणसाने १९६४ सालीच घरगुती थंड कॉफीचं भांडं काढलं होतं. थंड पाण्यात कॉफीचा आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो, म्हणून चव मऊ लागते. पण उष्णता नाही म्हणून वेळ लागतो, बारा तासांपासून अठरा तासांपर्यंत.

म्हणजे यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. ना वायर, ना बटण. एक बरणी आणि एक गाळणी. मग पैसे कशाचे? तर काच कशी आहे, जाळी कशी आहे, झाकण कसं बसतं, याचे. हे चार-पाच भाग आम्ही दोन महिने हाताळले. तुम्ही कॉफीची बरणी कधीच घेणार नसाल, तरी ऐका. पाण्याची बाटली, मुलांचा डबा, माठाची तोटी, लोणच्याची बरणी, सगळीकडे हेच लागतं.

पहिल्या आठवड्यात बरणी आमच्यातल्या एका वहिनीकडे गेली. वहिनीने दुकानातून दोन रुपयांच्या कॉफीच्या पुड्या आणल्या, दहा पुड्या गाळणीत रिकाम्या केल्या, पाणी ओतलं. सकाळी गाळणी कोरी करकरीत आणि बरणीत काळं पाणी. ती म्हणाली, "बाई, काय भारी यंत्र आहे, चोथासुद्धा राहिला नाही!" राहणार कुठून? पुडीतली कॉफी विरघळणारी असते. ती कारखान्यातच काढा करून वाळवलेली असते. तिला गाळणी लागतच नाही, वाटीत चमचा फिरवला तरी होते.

दुसऱ्या आठवड्यात फिल्टर कॉफीची पूड आणली. ती मैद्यासारखी बारीक. निम्मी जाळीतून खाली उतरली, निम्मी जाळीत चिखलासारखी बसली. प्यायला लागलो तर दातांखाली कचकच. शिवाय त्या पुडीत चिकोरी होती. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, रंग आणि दाटपणा यावा म्हणून मिसळतात. त्यात वावगं काही नाही, कायद्याने परवानगी आहे. पण अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि किती आहे ते पाकिटावर छापायला हवं. तुम्ही पाकीट घ्याल तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. कॉफीचे पैसे मोजून निम्मं मूळ घरी आणत नाही ना, एवढं तरी कळेल. थंड पाण्यात ही चिकोरी बुळबुळीत होते आणि जाळी आणखीनच तुंबते.

शेवटी एकीच्या लेकीने पुण्याहून बिनचिकोरीची जाड दळलेली पूड आणली. किती जाड? लापशीचा रवा असतो ना, तेवढी. तेव्हा कुठं काम जमलं. १०० ग्रॅम पूड, ८०० मिली पाणी, रात्री आठ वाजता फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गाळली. छान झाली. मावशीने घोट घेतला आणि म्हणाली, "काढ्यापेक्षा बरी." मावशीकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

आता जाळी. गाळणी उजेडाकडे धरून बघा. भोकं सगळीकडे सारखी दिसली पाहिजेत. आमच्या गाळणीला उभा सांधा होता, तिथं दोन ठिकाणी जाळी विरळ झालेली. सगळा गाळ तिथूनच खाली येत होता. नंतर सांध्यावरून आणि तळाच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर घासणी अडकणार, घासणी अडकली की तार निघणार. आणि जाळी कशात बसवलीय ते बघा. स्टीलच्या पट्टीत दाबून बसवलेली टिकते. प्लास्टिकच्या चौकटीत चिकटवलेली असेल तर कढत पाण्याने धुताना ती सुटायला लागते. आपल्या बाया भांडं कढत पाण्याने धुणारच, मग ती वस्तू तशी धुता येत नसेल तर आपल्या घरात तिचा काय उपयोग?

स्टील खरं का खोटं ते बघायला आपण लोहचुंबक लावतो. लावायला हरकत नाही, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. आपण ज्याला चांगलं ३०४ नंबरचं स्टील म्हणतो, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण २०२ नंबरच्या हलक्या स्टीलला, ज्यात निकेल कमी असतं, त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने अर्धीच परीक्षा होते. उरलेली अर्धी खारं पाणी करतं. बोअरच्या पाण्याने धुऊन भांडं तसंच ओलं ठेवलं तर हलक्या स्टीलला सांध्यापाशी तांबूस ठिपके येतात. आमच्या गाळणीला तळाशी पाचव्या आठवड्यात आले. स्टीलच्या भांड्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला आहे. तेव्हा घरात लागणारं साधं भांडं घेताना दुकानदाराला चिन्ह दाखवा म्हणायला लाजू नका.

झाकण आणि त्याची रिंग. कुकरची रिंग आपल्याला माहीत आहे, तशीच ही, फक्त पांढरी सिलिकॉनची. ही रिंग बोटाने काढता आली पाहिजे. आमच्या एका काकूने ती तीन आठवडे काढलीच नाही, तिला वाटलं ती झाकणाचाच भाग आहे. मग एक दिवस वास यायला लागला. रिंग काढली तर खाली काळी बुरशी. आम्ही सगळ्यांनी त्याच झाकणाखालची कॉफी प्यायली होती. तेव्हापासून नियम केला, दर धुण्याला रिंग काढायची, कोरडी करायची, मगच बसवायची. विकत घेताना विचारा, रिंग वेगळी मिळते का? कुकरची रिंग कळंबच्या बाजारात कुठंही मिळते. हिची मिळत नाही. रिंग गेली की बरणी गेली.

आता पाण्याचं सांगतो, कारण आमच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे.

थंड कॉफीची जाहिरात करणारे सांगतात, गॅस वाचतो. चहाचं पाणी उकळतं, त्यामुळे पाण्यातले जंतू मरतात, हे आपल्या डोक्यातही नसतं. ते आपोआप होतं. पण थंड पाण्यात भिजवलं तर पाण्यात जे आहे ते तसंच राहतं, आणि सोळा तास राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? कधी नळाला, चार दिवसांनी एकदा, कधी टँकरने, कधी बोअरचं. आमच्याच गटात चौथ्या आठवड्यात एकीने नळाचं पाणी तसंच वापरलं. दोघींना जुलाब लागले. कॉफीनेच लागले असं आम्ही छातीठोक म्हणत नाही, त्याच आठवड्यात एक लग्नही जेवलो होतो. पण मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून पाणी आधी उकळायचं, खदखदून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवायचं, झाकून गार करायचं, मगच भिजवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळायचं. क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवलं तरी पाणी चालतं, पण कॉफीला त्याचा वास लागतो.

म्हणजे गॅस वाचतो हे आपल्यापुरतं खरं नाही. फरक एवढाच की पाणी रात्री गारव्याला उकळता येतं, भर दुपारी शेगडीपुढे बसावं लागत नाही. आक्काला विचाराल तर हा फरक लहान नाही.

आणि भिजवायचं ते फ्रिजमध्येच. शहरातले लोक ओट्यावर ठेवतात म्हणे. त्यांचा ओटा आणि आपला ओटा सारखा नाही, आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. माठातलं पाणी गार लागतं, म्हणून कोणी बरणी माठावर ठेवू असं सुचवलं. माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडतं आणि आतलं गार होतं. पिण्यापुरतं ठीक, पण अन्न टिकवायला तेवढा गारवा पुरत नाही. गाळलेली कॉफी आम्ही दोन दिवसांत संपवतो. दूध घातलेली तर ठेवायचीच नाही, ग्लासातच घालायचं. लाईट चार तासांहून जास्त गेली आणि फ्रिज गरम झाला, तर दुधाच्या वस्तूंचा मोह सोडायचा.

काचेचं राहिलं. सातव्या आठवड्यात बरणी फुटली. कोणाच्या हातून पडली नाही. एका ताईने फ्रिजमधून काढली, कॉफी दुसऱ्या भांड्यात ओतली, आणि लगेच स्वच्छ व्हावी म्हणून कढत पाणी घातलं. टच्च असा आवाज आला आणि तळापासून गळ्यापर्यंत तडा. ताई रडायला लागली, १,२४९ रुपये म्हणून. आम्ही तिची समजूत काढली, कारण तिच्या जागी आमच्यातली कोणीही असती. साधी काच गरम झाली की जास्त फुगते. आतून गरम, बाहेरून गार, मग ती तडकते. बोरोसिलिकेट नावाची काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून ती जास्त सोसते. तीसुद्धा एका मर्यादेपर्यंतच. आम्ही खोका शोधून वाचला. "उत्तम प्रतीची काच" असं लिहिलं होतं, बोरोसिलिकेट कुठंच नव्हतं. विक्रेत्याकडे तक्रार केली, उत्तर आलं की काचेला हमी नाही. ते खोक्यावर बारीक अक्षरात होतंही. आपण वाचलं नव्हतं. त्यामुळे सांगतो, काचेचं भांडं घ्याल तर त्या एका शब्दासाठी खोका उलटा-पालटा करा, आणि फ्रिजमधून काढलेली काच आधी घरात निवू द्या, नंतर कोमट पाण्याने धुवा.

तोटीच्या मोठ्या बरण्या, ज्या आक्काला हव्या होत्या, त्या आम्ही विकत घेतल्या नाहीत, पण लातूरला एका दुकानात जाऊन हाताळून आलो. चौघी गेलो, लग्नाची भांडी बघायला आल्यासारखं दुकानदाराला सगळं काढायला लावलं. माठाची तोटी कशी गळते ते आपल्याला ठाऊकच आहे. वायसर झिजला की खाली वाटी ठेवायची वेळ. इथंही तेच. प्लास्टिकची तोटी, वर चमकदार मुलामा, दोन बाजूंना दोन वायसर. तोटीच्या आतली नळी घासायला जागाच नाही. रोज गोड कॉफी त्या नळीतून जाणार आणि आत काय साचणार, ते दिसणारही नाही. त्यात बरणी इतकी उंच की आक्काच्या फ्रिजच्या कप्प्यात बसेना. आक्का स्वतःच टेप घेऊन आली होती. मोजून झाल्यावर तिने टेप गुंडाळली आणि म्हणाली, "चला, एस.टी. चुकेल." वाटेत ती काही बोलली नाही. आम्हीही नाही.

पुढच्या बैठकीत मात्र तीच बोलली. म्हणाली, बरणी म्हणजे डबा आणि गाळणी म्हणजे फडकं, मग मी डबा-फडक्यातच करून बघते. आणि तिने केलं. पाच लिटरचा स्टीलचा डबा, बिनरंगाची नवी मलमल दोनदा धुऊन, उकळून घेतलेली. पूड डब्यात मोकळीच भिजवायची, सकाळी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून गाळायची. गाळ शून्य. खरं सांगायचं तर १,२४९ च्या बरणीपेक्षा स्वच्छ. फडकं रोज उकळून उन्हात वाळवावं लागतं आणि दुधाचं फडकं त्यात मिसळायचं नाही, एवढा एक व्याप. बरणीची बाजू घ्यायची तर एवढंच की घरी दोघा-तिघांसाठी ती सोयीची आहे, आतलं दिसतं, ओतताना सांडत नाही. ज्यांच्या घरी रोज कॉफी लागते त्यांनी घ्यावी, चांगल्या काचेची. धंद्याला नाही.

पण धंद्याचा खरा हिशेब अजून झालाच नव्हता. तो सचिवताईने फळ्यावर मांडला. १०० ग्रॅम पूड, हजार रुपये किलोने १०० रुपयांची. ८०० मिली पाण्यातलं २०० मिली चोथाच पिऊन टाकतो, हाती येते ६०० मिली. तेवढंच दूध, ३६ रुपयांचं. साखर ४ रुपये. दीडशे मिलीचे आठ ग्लास झाले. ग्लास आणि बर्फ मिळून ग्लासामागे ३ रुपये, म्हणजे २४. एकूण १६४. एका ग्लासाला साडेवीस रुपये पडले. विकायची कितीला? पंचवीसला विकली तर साडेचार सुटतात, आणि समोर रसवंतीवर त्याहून स्वस्तात गारेगार रस. फळ्याकडे बघून सगळ्या गप्प झाल्या. १२,००० दिले असते आणि हा हिशेब नंतर कळला असता तर?

तेव्हा मावशीच बोलली. तीच, जी आधी विरोधात होती. म्हणाली, "कॉफी महाग पडते तर चहाच भिजव की. तुझ्या हाताला चहाचीच सवय आहे." आणि परसातला गवती चहा टाक म्हणाली. आम्ही करून बघितलं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात १० ग्रॅम चहापत्ती, गवती चहाच्या चार पाती, रात्रभर फ्रिजमध्ये. चहा थंड पाण्यातही उतरतो, फक्त कडवट होत नाही. सकाळी गाळून साखर, विकताना लिंबू. पत्ती ५ रुपये, साखर ४, उन्हाळ्यातली दोन महाग लिंबं १०. सहा ग्लास. ग्लास-बर्फ धरून एकाला सव्वासहा रुपये. दहाला विकला तर पावणेचार सुटतात, आणि दहा रुपये काढायला गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

आक्काने १२,००० चा अर्ज मागे घेतला आणि ३,००० चा दिला. दोन डबे १,१२०, झाकणाचा स्टीलचा जग २८०, मलमल १२०, थर्मोकोलचा डबा ३५०, उरलेल्या १,१३० मध्ये पत्ती, थोडी कॉफी, ग्लास. व्याज शेकडा १ रुपया, दहा हप्ते. बर्फाचं आम्ही तिला आवर्जून सांगितलं. बाजारातला लादीचा बर्फ ग्लासात टाकायचा नाही, डब्याच्या बाहेरून रचायचा. खायचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळा करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो चांगल्या पाण्याचाच असेल असं नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी तिच्याकडे चहासाठी होतीच, तो कागद तिने टपरीत समोर लावला.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईची यात्रा भरली तेव्हा ती दोन्ही डबे घेऊन गेली. आम्ही चौघी दर्शनाला गेलो होतो, तिच्यापाशी थांबलो. पहिले दोन तास कोणी फिरकलं नाही. लोक विचारायचे, "थंड चहा? म्हणजे शिळा?" आक्का हिरमुसली होती. मग आमच्यातल्या एकीने अर्धा-अर्धा घोट फुकट द्यायला सुरुवात केली. दुपारी तीनपर्यंत एक डबा संपला. दुसरा पूर्ण गेला नाही, उरलेला तिने सांडून दिला. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवला नाही, हे आम्हाला जास्त आवडलं. स्टँडवर आता थंड चहा रोज जातो, कधी तीस ग्लास, कधी बाराच. कॉफी ती रविवारीच करते, कॉलेजची पोरं येतात म्हणून, आणि तीसला देते.

एक गोष्ट मध्येच राहिली. कॉफी आणि चहा, थंड असो का गरम, जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. आशाताईने दिलेली लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर गिळू नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभराने. गरोदर बाईने कॉफी बेताचीच घ्यावी, आणि ही भिजवलेली कॉफी पाणी न घालता दाट प्यायली तर चांगलीच कडक असते हे ध्यानात ठेवावं. आम्ही बरणी घरोघर फिरवत होतो तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने सांगितलं तेव्हा कळलं.

तडा गेलेली बरणी आम्ही टाकली. गाळणी ठेवली, तिच्यात आक्का आता गवती चहाची पाती बुडवते, पाती जाड असल्याने विरळ झालेल्या जाळीतूनही खाली येत नाही. तिचे सहा हप्ते आलेत, चार राहिलेत. मागच्या गुरुवारी आलेला हप्ता तिने सगळी नाणी मोजून दिला, दहा-दहाची, आणि सचिवताईला ती मोजायला बैठकीचा अर्धा तास लागला.